पिस्तूल, पेलेट आणि ट्रिगरवरचं बोट

पिस्तूल शूटिंग सुरू करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, कुठलं पिस्तूल घेऊ? स्टायर की मोरिनी की वॉल्थर की पार्दिनी. मला हे इतक्या वेळा विचारलं जातं की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकते. पण नुसतं पिस्तुलाबद्दल लिहून भागत नाही, पिस्तूल आलं की पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी शिशाची गोळी) आली, पेलेट आली की सेफ्टी आली, आणि सेफ्टीचं बोलायला लागलं की गाडी परत ट्रिगरवरच्या बोटापाशीच येते. त्यामुळे पोस्ट लांब झालीय, सवडीने वाचा.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर. वर नावं घेतलेल्या कुठल्याही कंपनीचं मॅच पिस्तूल शिकंज्यात घट्ट पकडून, चांगली पेलेट घालून दहा मीटरवर मारलं तर सगळ्या पेलेट जवळपास एकाच भोकातून जातात. म्हणजे अचूकतेच्या बाबतीत यातलं कुठलंही पिस्तूल तुम्हाला कमी पडणार नाही. फरक असतो तो हातात कसं बसतं, वजन पुढे आहे की मागे, ट्रिगर कसा सुटतो, आणि बिघडलं तर दुरुस्त करून देणारा माणूस आणि पार्ट मिळतात का यात. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टोकियो ऑलिंपिकला दहा मीटरच्या क्वालिफिकेशनमध्ये मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि फायनल दोन गुणांनी हुकली. इतक्या वरच्या लेव्हलला, इतकी तयारी असताना हे होतं, मग आपण ओ रिंग (हवा गळू न देणारी रबराची कडी) आणि स्क्रू ड्रायव्हर बॅगेत न ठेवता मॅचला जाणं बरोबर नाही ना.

आता नियम काय म्हणतात. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये कॅलिबर ४.५ मिमी, वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या डब्यात मावलं पाहिजे, इक्विपमेंट कंट्रोलला खरोखरच तसा डबा असतो आणि त्यात घालून बघतात. साइट, म्हणजे नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच, उघड्याच हव्यात, लेन्स किंवा रेड डॉट पिस्तुलावर चालत नाही, नंबरचा चष्मा लावायचा तर स्वतःच्या नाकावर लावायचा. पिस्तूल एकाच हाताने धरायचं आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे, त्यामुळे त्या हातात घड्याळ, रिस्टबँड, कडं असलं आधार देणारं काहीही नको. बूट घोट्याच्या खालीच राहणारे हवेत. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर ब्लाइंडर, म्हणजे झाकायची पट्टी, लावता येतो पण तो ३० मिमीपेक्षा रुंद नको. पाठ करायची गरज नाही, पण मॅचच्या आदल्या दिवशी नव्हे, सामान घेतानाच वाचा, आणि नियम बदलत असतात म्हणून चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचा.

या सगळ्यात माझं सगळ्यात जास्त प्रेम ग्रिपवर, म्हणजे मुठीवर, आहे. लोक बॅरल (नळी), कॉम्पेन्सेटर (उसळी कमी करणारा नळीच्या टोकाचा भाग), ट्रिगर यांवर तासन्‌तास बोलतात आणि ग्रिप मात्र कारखान्यातून आली तशीच वापरतात. अरे ती लाकडाची का देतात, कारण ती घासायची असते! साइज बरोबर घ्या, मग जिथे टोचतं तिथे कानस आणि पॉलिश पेपरने घासा, जिथे पोकळी आहे तिथे लाकडाची पुटी भरा, वाळू द्या, परत घासा. तपासायची रीत सोपी आहे. रिकामं पिस्तूल, नळी टार्गेटकडे, डोळे मिटा, हात उचलून जसा सहज येतो तसा थांबवा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आणि वरची कड समतल दिसली तर ग्रिप तुमची झाली. डावीकडे किंवा उजवीकडे गेली असेल तर मनगट वाकवून ती जुळवू नका, ग्रिप बदला, कारण मनगटाने जुळवलेली साइट थकल्यावर परत तिच्या मूळ जागी जाते, आणि ६० शॉटची मॅच ७५ मिनिटं चालते, थकवा येतोच.

हे इतकं का ताणतेय, तर त्यामागे साधा हिशोब आहे. एअर पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर धरा ३२० मिमी. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त ०.१ मिमी सरकली, म्हणजे केसाएवढी, तर दहा मीटरवर पेलेट साधारण ३ मिमी बाजूला जाते. दहाच्या रिंगचा व्यास आहे ११.५ मिमी. म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत जेमतेम पावणेसहा मिमी. आता याउलट साइट अगदी जुळलेल्या आहेत पण अख्खा हातच टार्गेटवर ३ मिमी हलतोय, तर पेलेटही तेवढीच ३ मिमी जाते, जास्त नाही. म्हणून कोच सारखे सांगतात की हात हलला तरी चालेल, नजर पुढच्या साइटवर ठेवा, टार्गेट धूसर दिसू द्या. नवीन मुलांना हे पटत नाही कारण काळा गोल स्पष्ट बघावासा वाटतो, पण हा हिशोब एकदा कागदावर करून दाखवला की पटतं.

ट्रिगरचं ५०० ग्रॅम कसं मोजतात तेही सांगते. स्प्रिंगचा काटा चालत नाही, खरोखरचं ५०० ग्रॅमचं वजन असतं. पिस्तूल कॉक करून, म्हणजे झाडायला तयार करून, नळी उभी धरतात, वजन ट्रिगरला अडकवतात आणि उचलतात, वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. ही तपासणी मॅचच्या आधीच नाही तर मॅच संपल्यावरही काही जणांची रँडम होते आणि तिथे नापास झालात तर सरळ डिसक्वालिफाय, कितीही चांगला स्कोअर असो. म्हणून ट्रिगर बरोबर ५०० वर ठेवू नका, थोडं मार्जिन ठेवा. १० ते २० ग्रॅमने तुमचा स्कोअर बिघडत नाही, पण स्क्रू जरासा सरकला तर अख्खी मॅच जाते. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला हीच मर्यादा १००० ग्रॅमची आहे आणि एअर पिस्तूलवरून तिकडे गेलेल्यांना पहिले काही आठवडे तो ट्रिगर दगडासारखा वाटतो.

पॅरिस ऑलिंपिकनंतर मला बऱ्याच जणांनी तुर्कीच्या युसूफ दिकेचचा फोटो पाठवला, साधा चष्मा, एक हात खिशात, आणि खाली लिहिलेलं की बघा सामान लागतच नाही. त्याने तिथे मिक्स्ड टीमचं रौप्य मिळवलं हे खरं, आणि मला तो शूटर म्हणून फार आवडतो. पण फोटो नीट बघा. कानात पिवळे इअर प्लग आहेत. हातात मॅच पिस्तूलच आहे, नियमात बसणारं. खिशातला हात तर सगळेच ठेवतात, पट्ट्यात किंवा खिशात, कारण मोकळा लोंबणारा हात खांदा हलवतो. त्याने ब्लाइंडर आणि खास चष्मा नाही वापरला कारण तो दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो. म्हणजे त्याने सामान टाकून दिलं नाही, आपल्याला काय लागतं ते त्याला माहीत आहे. हे कळायला अनेक वर्षांचा सराव लागतो.

पेलेटकडे येऊ. मॅच पेलेट सपाट तोंडाची असते, वॉडकटर म्हणतात, कारण ती कागदाला गोल स्वच्छ भोक पाडते आणि रेषेला शिवली की नाही हे कळतं. वजन साधारण अर्धा ग्रॅम. डब्यावर हेड साइज लिहिलेला असतो, ४.४८, ४.४९, ४.५०, असा. प्रत्येक बॅरलला वेगळा साइज मानवतो आणि हे कुणाच्या सांगण्यावरून ठरत नाही, पिस्तूल शिकंज्यात लावून वेगवेगळ्या डब्यांचे ग्रुप मारून, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते बघूनच ठरतं. पण नव्याने सुरू केलेल्यांनी यात अजिबात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तुमचा ग्रुप हाताने पसरतोय, पेलेटने नाही. एक बऱ्या दर्जाची पेलेट धरा आणि वर्षभर तीच मारा. फक्त पडलेला डबा आणि चेपलेला स्कर्ट मॅचला वापरू नका, मागची पातळ कड वाकडी झाली की हवा एका बाजूने जास्त सुटते आणि पेलेट भरकटते.

एअर पिस्तुलाच्या पेलेटचा वेग सेकंदाला साधारण १५० मीटर, म्हणजे दहा मीटर जायला तिला ०.०७ सेकंदाच्या आसपास लागतात, आणि त्याआधी ती नळीतूनही हळूच बाहेर पडत असते. तेवढ्यात तुम्ही हात सैल सोडलात किंवा टार्गेट बघायला मान वर केलीत तर शॉट गेला. फॉलो थ्रू, फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवा) असं कोच ओरडतात ते यासाठी.

एअर पिस्तुलाला लावलेला दाबाखालच्या हवेचा सिलिंडर हा विषय मला गंभीरपणे मांडायचाय कारण एअर म्हणजे खेळणं असं लोकांना वाटतं. त्या छोट्या नळकांड्यात २०० बारपर्यंत दाब असतो. त्यावर तारीख कोरलेली असते आणि आयएसएसएफच्या नियमाने जास्तीत जास्त १० वर्षं, त्यानंतर तो सिलिंडर चालत नाही, आणि मुदत बघायची जबाबदारी शूटरची आहे, दुसऱ्या कुणाची नाही. सेकंडहँड पिस्तूल घेताना लोक बॅरल बघतात, मी म्हणते आधी सिलिंडरची तारीख बघा. भरताना हळू भरा, घाईत भरलं की गरम होतो आणि गार झाल्यावर दाब कमी दिसतो. फक्त कोरडी हवा भरायची, ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून कधीही नाही, तेलाच्या किंवा ग्रीसच्या जराशा अंशाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होऊ शकतो. मुदत संपलेला सिलिंडर रिकामा करून मोडीत काढा, कुणाला प्रॅक्टिससाठी म्हणून देऊ नका.

पंचवीस मीटरला पॉइंट टू टू एलआर, म्हणजे ५.६ मिमीचं काडतूस. यात फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी खीळ, काडतुसाच्या कडेवर बसते कारण पेटणारा मसाला कडेतच असतो, म्हणूनच रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या खोबणीवर) ट्रिगर ओढला तर काही पिस्तुलांमध्ये पिन थेट चेंबरच्या धातूवर आपटते आणि दोन्ही खराब होतात. मॅच पिस्तुलात ड्राय फायरची, म्हणजे गोळी न घालता ट्रिगर ओढून सराव करायची, वेगळी सोय बहुतेक असते, मॅन्युअल वाचून घ्या. गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. आणि हाय व्हेलॉसिटी काडतुसांच्या मागे लागू नका. मॅचचं काडतूस मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरपेक्षा, खाली ठेवलेलं असतं. तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते, शिवाय पिस्तुलाची उसळी वाढते, आणि रॅपिड फायर प्रकारात पाच टार्गेटवर पाच गोळ्या चार सेकंदांत मारायच्या असतात तिथे कमी उसळी म्हणजे पुढचा नेम लवकर. फार मंद काडतूसही नको कारण सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड त्या धक्क्यावरच मागे जाते, धक्का कमी पडला की केस बाहेर पडत नाही आणि जॅम. त्यामुळे जे काडतूस तुमच्या पिस्तुलात जॅम न होता चालतं ते चांगलं काडतूस, ग्रुपचा विचार त्यानंतर. मॅगझिनमध्ये पाचच भरायची आणि मॅगझिनच्या ओठांना, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांना, जपायचं, अर्ध्याहून जास्त जॅम मला तरी तिथेच सापडलेत.

जॅम झाला किंवा ट्रिगर ओढून गोळी सुटलीच नाही तर काय करायचं, हा भाग प्लीज दोनदा वाचा. पिस्तूल टार्गेटकडेच धरून ठेवायचं, स्लाइडला हात लावायचा नाही, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. एक तर मॅचमध्ये तुम्ही स्वतः स्लाइड ओढलीत तर तो मालफंक्शन मान्य होत नाही आणि ती सीरिज परत मिळत नाही. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे, काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. निदान ३० सेकंद नळी टार्गेटकडे धरून थांबायचं. तुम्ही वाकून चेंबरमध्ये बघताय आणि तेव्हाच ते पेटलं तर? आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, उसळी जाणवली नाही, तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही. आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यावर दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. रॅपिड सीरिजमध्ये घड्याळ चालू असताना थांबणं अवघड जातं हे मला माहीत आहे. तरीही थांबायचं, सीरिज गेली तर जाऊ द्या.

सेफ्टी फ्लॅग म्हणजे ती भडक केशरी दोरी किंवा पट्टी. नवीन मुलांना वाटतं फॉर्मॅलिटी. एअर पिस्तुलात ती नळीच्या एका टोकातून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली हवी, दोन्हीकडून दिसली पाहिजे. कारण पेलेट नळीत आहे की नाही हे बाहेरून कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही, पण दोरी आरपार गेली असेल तर पेलेट आत असूच शकत नाही, लांबून बघणाऱ्यालाही ते कळतं. म्हणजे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही, म्हणून मला हा नियम फार आवडतो. पिस्तूल बॉक्समध्ये असतानाही फ्लॅग आत, काढायचा तो लाइनवर, परवानगी मिळाल्यावर. लाइन सोडण्याआधी रिकामं करून फ्लॅग घालायचा, ऑफिसरने बघायचं, मगच पॅक करायचं. कुणीही फायरिंग लाइनच्या पुढे गेलं असेल तर पिस्तुलाला हात लावायचा नाही, साइट स्क्रू फिरवायलाही नाही. ड्राय फायरसुद्धा लाइनवर किंवा नेमून दिलेल्या जागीच. आणि स्टॉप ऐकू आलं की स्टॉप, नेम कितीही सुंदर जुळलेला असो. धोका दिसला तर स्टॉप ओरडायचा हक्क प्रत्येकाला आहे, काल आलेल्या मुलीलासुद्धा.

आता बोट. रेंजवर सगळ्यात जास्त दिसणारी धोक्याची गोष्ट म्हणजे मुद्दाम केलेला मूर्खपणा नाही, ती आहे मागे वळणं. कोचने मागून हाक मारली, मुलगा हातात पिस्तूल असताना हो सर म्हणत वळला, आणि जिथे नजर गेली तिथे नळी गेली. तो मुलगा बेफिकीर नसतो, माणसाचं शरीरच असं चालतं. म्हणून सवय अशी लावायची की हाक ऐकली की आधी पिस्तूल टेबलावर, हात सुटला, मग मान वळली. आणि कोचनीही लोड केलेल्या मुलाला मागून हाक मारू नये, थांबावं जरा.

बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, फ्रेमवर सरळ, आणि आत जायचं ते नळी टार्गेटच्या दिशेला स्थिरावल्यावरच. हा सेफ्टीचा नियम आहे असं सगळे शिकतात, पण माझ्या मते हा स्कोअरचाही नियम आहे. कारण बोट प्रत्येक वेळी एकाच क्षणी, एकाच जागी ट्रिगरवर आलं तर पहिली स्टेज (शॉट सुटण्याआधीची ट्रिगरची हलकी ओढ) तशीच घेतली जाते आणि शॉट तसाच सुटतो. ज्यांचं बोट कधी लोड करतानाच आत असतं, कधी हात उचलताना जातं, त्यांचे शॉटही तसेच विखुरलेले दिसतात. आणि शॉट सोडून देणं, म्हणजे नेम लांबला, श्वास संपत आला की न मारता हात खाली घेणं, हे जमायला बोट आधी बाहेर आणि मग हात खाली असा क्रम पक्का लागतो. बोट आत ठेवून खाली येणारा कधीतरी टेबलात शॉट मारतो. ज्याला क्रम पक्का माहीत आहे तो निर्धास्तपणे शॉट सोडून देतो, आणि जो शॉट सोडून देऊ शकतो त्याचे सात आणि सहा गुणांचे शॉट कमी होतात. मला तरी चांगल्या शूटरमध्ये सगळ्यात आधी हेच दिसतं, दहा किती मारतो ते नंतर.

आयपीएससी या धावत्या नेमबाजीच्या प्रकारात तर हे अजून कडक, तिथे पळत पळत स्टेज (टार्गेटचा एक टप्पा) पूर्ण करायची असते आणि हलताना, लोड करताना बोट गार्डबाहेर स्पष्ट दिसलं नाही तर डिसक्वालिफाय, भरलेलं पिस्तूल हातातून पडलं तरी डिसक्वालिफाय, वाद नाही.

कान आणि डोळे. पॉइंट टू टू लहान वाटलं तरी पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि बंद रेंजमध्ये तो भिंतींवरून परत येतो, प्लग आणि वर मफ असे दोन्ही घाला. गेलेलं ऐकणं परत येत नाही. चष्मा एअर पिस्तुलालाही घाला, टार्गेटमागच्या पेलेट अडवणाऱ्या जुन्या ट्रॅपमधून पेलेटचे तुकडे उलटे येतात. आणि शिसं. पेलेट बोटांनी उचलतो आपण, मग त्याच बोटांनी खाणं उचलायचं नाही. लाइनवर खायचं नाही, पेलेट तोंडात धरायची नाही, हो, असे लोक बघितलेत मी, आणि घरी जायच्या आधी साबणाने हात आणि चेहरा धुवायचा. रेंज कोरड्या झाडूने झाडायची नाही, धूळ उडून श्वासात जाते. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी रेंजचे कपडे वेगळे धुवा.

घरी ड्राय फायर करणाऱ्यांसाठी, कारण बहुतेक सगळे करतातच आणि केलंच पाहिजे. ज्या खोलीत सराव त्या खोलीत एकही पेलेट किंवा काडतूस नको, दुसऱ्या खोलीत कुलपात. नळी आणि मॅगझिन दर वेळी तपासा, पाणी प्यायला उठून परत आलात तरी परत तपासा. नेम कोऱ्या भिंतीवर धरा, पलीकडे माणूस नसेल अशा भिंतीवर. सराव संपला की फ्लॅग आत, पिस्तूल बॉक्समध्ये, बॉक्सला कुलूप, आणि त्यानंतर "अजून एकच" म्हणून पिस्तूल परत बाहेर काढायचं नाही.